खणाचं झाकण

३ सप्टेंबर, बुधवार

ही वही स्क्रूंसाठी आहे. सुनेनं, गीतांजलीनं, आज ती हातात दिली आणि म्हणाली, "बाबा, जो जो नट काढाल तो कुठला ते यात लिहून ठेवा. नाहीतर जोडताना निम्मे उरतील." तिला वाटतं मी विसरतो. मी विसरत नाही. मला आठवायला जरा वेळ लागतो, एवढंच.

ट्रक म्हणजे आमचा नाकवाला, पुढं लांब बॉनेटचा, बहात्तर सालचा. मी तो त्र्याऐंशी साली दुसऱ्याच्या हातचा घेतला. हिवरखेडच्या बागेतला संत्रा त्यानं पार कलकत्त्यापर्यंत पोचवला. दोन हजार चारपासून इथं अमरावतीत घरामागच्या टिनाच्या शेडात उभा आहे. कोंबड्यांच्या कितीतरी पिढ्या त्याच्या सीटवर वाढल्या. आता गीतांजलीच्या मनात आलंय की बडनेरा रोडवरच्या आपल्या फळांच्या दुकानासमोर तो दसऱ्याला उभा करायचा. इंजिन मिस्त्र्यानं सुरू करून दिलं, बॉडी रंगून आली. राहिला डॅशबोर्ड. तो मी करतो म्हटलं. सगळं अंग परक्यानं धुतलं तरी तोंड आपलं आपण धुवावं.

डॅशबोर्ड जाड पत्र्याचा आहे, आताच्यासारखा प्लास्टिकचा नाही. माझ्या बाजूला स्टिअरिंगचं चाक आणि काटे, डाव्या हाताला कागदपत्रांचा खण. खणाला झाकण नाही. प्लायवूडचा तुकडा ठोकलेला आहे. झाकण आणि त्याचे चार स्क्रू माझा धाकटा भाऊ पंजाबराव घेऊन गेला, अकोल्याला. त्याला एकोणतीस वर्षं झाली. त्याचं काही नाही. नवीन करून घेऊ.

आज काढलं: बॅटरीची वायर, प्लायवूडचे खिळे ६ (फेकले).

६ सप्टेंबर, शनिवार

चाक निघता निघेना. दोन दिवस रॉकेल पाजलं तेव्हा कुठं सैल झालं. मग मीटरची केबल, ऑइलचा काटा, वायपरची घुंडी. वायरींना खुणा बांधायच्या होत्या तर मनकर्णानं जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडून दिल्या. ही माझी बायको. पंचेचाळीस वर्षांचा संसार, पण चिंधी कधी वाया जाऊ दिली नाही. हेडलाइटची वायर जांभळी चिंधी, हॉर्नची हिरवी, काट्यांची पिवळी.

चिंध्या देता देता म्हणाली, "सारं चकचकीत कराल, आन् झाकनाचं काय?"

"पत्र्याचं बनवून घेतो."

"पत्र्याचं तं घ्याल बनवून," म्हणाली आणि आत गेली. पुढचं वाक्य तिनं स्वयंपाकघरात जाऊन भांड्यांना सांगितलं असावं.

इथं लिहूनच ठेवतो, म्हणजे पुन्हा पुन्हा मनात येणार नाही. मी चालवायचो, पंजाब बाजूला बसायचा. लोक त्याला किन्नर, म्हणजे ट्रकचा क्लीनर, समजायचे, पण निम्मा ट्रक त्याचा होता. खणाचं झाकण ढिलं. खड्डा आला की खडखड वाजायचं आणि आपोआप उघडायचं. तेरा वर्षं त्यानं ते गुडघ्यानं दाबून धरलं. झोपेतसुद्धा गुडघा तिथंच. शहाण्णव सालच्या मार्चमध्ये कलकत्त्याला संत्रा नेत होतो. नाक्यावर कागद मागितले तर खणात कागद नाहीत, झाकण उघडं. पंजाबला तासभर डोळा लागला होता, खिडकी उघडी होती. उडाले असणार. चार दिवस नाक्यावर उभे. संत्रा सडून ट्रकच्या फळ्यांतून रस गळायला लागला, माशांनी टायर दिसेना.

परत आल्यावर इथल्या फळमंडीत पन्नास माणसांसमोर मी म्हणालो, "ज्याले एक झाकन सांभाळता येत नाही त्याले भागीदार कोन म्हनन?"

पंजाब एवढंच म्हणाला, "झाकन लागेल व्हतं, भाऊ." मी ऐकलं नाही.

पावसाळ्याआधी वाटणी झाली. त्यानं ट्रकमधला हिस्सा मागितला नाही. स्क्रू ड्रायव्हर घेऊन केबिनमध्ये चढला, झाकण काढलं, काखेत मारलं आणि म्हणाला, "मी हे सांभाळतो. बाकी तू सांभाळ." अकोल्याच्या जुन्या शहरात सासरवाडीकडे जाऊन त्यानं केळीचं दुकान टाकलं. त्यानंतर लग्नाकार्यात दिसलो असू, पण मांडवाच्या दोन टोकांना.

आज काढलं: चाकाचा मोठा नट १, मीटरचे स्क्रू ४, घुंडी १.

९ सप्टेंबर, मंगळवार

डॅशबोर्ड निघाला. बोल्ट ८, वॉशर ८, त्यातला एक वाकडा. मागच्या पोकळीत उंदराचं घरटं, एक कंगवा, चार आण्याचं नाणं आणि निळ्या प्लास्टिकमध्ये काही कागद.

आज एवढंच.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

तीन दिवस शेडाकडे गेलो नाही. मनकर्णानं आज पिठलं-भाकर समोर ठेवली, ठेचा केला, तरी मी ताट बाजूला सरकवलं. "काय झालं?" म्हणाली. मी म्हटलं, "रॉकेलचा वास डोक्यात गेला."

वहीशी तरी खोटं कशाला बोलू. ते कागद त्या दिवशीचेच आहेत. बिल्टी म्हणजे मालाची पावती, परमिट, सगळे. तारीख स्पष्ट आहे. एक कोपरा उंदरानं खाल्लाय, बाकी कालच ठेवल्यासारखे.

ते खिडकीतून उडाले नव्हते. खणाच्या मागच्या बाजूनं आत पडले होते. आणि मागच्या बाजूला भोक कुणी पाडलं? मी. पंच्याण्णवच्या दिवाळीत टेप बसवला तेव्हा वायर काढायला मी छिन्नीनं खणाच्या मागच्या पत्र्याला भोक पाडलं. हाताचा पंजा जाईल एवढं. पंजाब तेव्हा म्हणाला होता, "भाऊ, एवढं मोठं कापू नको, सामान पडन." मी म्हटलं होतं, "तुले काय समजते वायरिंगचं?"

झाकण नाक्यावर उघडं दिसलं हे खरं. पण कागद मागितल्यावर ते उघडलं कुणी होतं? आता नीट आठवून पाहतो तर माझाच हात दिसतो. म्हणालो ना, मला वेळ लागतो.

त्याला जाऊन सांगायला पाहिजे. पण सध्या पितृपक्ष चालू आहे. अशा दिवसांत नवं काही काढू नये.

मनकर्णाला कागद दाखवले. तिला वाचता येत नाही, पण निळं प्लास्टिक तिनं ओळखलं. पितृपक्षाचं बोललो तर म्हणाली, "सासूबाई वर बसून वाट पाहून राह्यल्या असतीन, पोरं कधी बोलतात म्हनून. तुमी पितरायचं नाव नका घेऊ."

१४ सप्टेंबर, रविवार

आज पत्र्याचा रंग उतरवला. काम हातात असलं की माणूस विचार करत नाही, म्हणून भल्या सकाळीच बसलो.

आमच्याकडे दसऱ्याला ट्रक धुवायचा, आपट्याची पानं ठेवायची आणि डॅशबोर्डवर रंगाचा एक हात मारायचा अशी रीत होती. जुना रंग खरवडायचा नाही. लक्ष्मीचं तोंड खरवडत नाहीत, असं आई म्हणायची. रंगावर रंग. वर्षाचा रंग पंजाब ठरवायचा, ब्रश मी मारायचो. तेरा दसरे, तेरा हात. शहाण्णवपासून मी रंग दिला नाही. दात पडलेल्या तोंडाला पावडर लावून काय करता.

रंग काढायचं औषध लावलं तसा रंग फुगून वर आला आणि मी खरवडायच्या पत्रीनं ओढत गेलो. वर भगवा, तो पंच्याण्णवचा. खाली निळा. त्याखाली पोपटी, ते मनकर्णाच्या लुगड्याचा रंग पाहून घेतलेलं वर्ष. मग लाल, ज्या वर्षी दोघं पहिल्यांदा कलकत्त्याहून एकही पंक्चर न होता आलो. एका वर्षीचा चॉकलेटी, तो पंजाबच्या लग्नाचा. त्या वर्षी त्याला सगळं जग चॉकलेटी दिसत होतं. सगळ्यांत खाली कंपनीचा मूळ राखी-हिरवट. दुपारपर्यंत पत्रा आरशासारखा उघडा पडला. पॉलिश पेपरनं घासला, पाण्यानं धुतला. मोठ्या समाधानानं जेवायला बसलो.

पहिला घास घेतला आणि लक्षात आलं की तेराही दसरे मी नालीत धुऊन टाकले.

जेवण अर्धं टाकून उठलो. शेडात खाली काही सापडतं का पाहिलं. सगळ्याचा मिळून एक चिकट काळपट गोळा झाला होता. त्यात कुठला रंग कुठल्या वर्षाचा, काही सांगता येत नव्हतं.

१७ सप्टेंबर, बुधवार

अकोल्याला जाऊन आलो. अमरावतीत पत्र्याचं काम करणारे नाहीत असं नाही, पण जुन्या शहरातल्या नत्थुजीसारखा हात नाही, असं मनकर्णा म्हणाली. तिला पत्रेकाम कधीपासून कळायला लागलं कोण जाणे. तिची एक मैत्रीण अकोल्याला असते, दर गुरुवारी तिचा फोन येतो, तिच्याकडून समजलं असेल.

मूर्तिजापूर, बोरगाव मंजू करत एस.टी. पोचली. मोर्णेचा पूल ऑटोनं ओलांडला. नत्थुजी माझ्याच वयाचा, कानावर पेन्सिल. मी खणाची लांबी-रुंदी कागदावर लिहून नेली होती. त्यानं कागद पाहिला, मला पाहिलं.

"बुढाबा, हे झाकन सपाट न्हवतं. याले मधात फुगोटा असते. नमुन्याबिगर बनवलं तं डब्याच्या झाकनावानी दिसन. जुनं कुठं हाय?"

"हाय एकाकडं."

"मंग आना ना त्याच्याकून. कितीक दूर राह्यते?"

"लय दूर," म्हटलं.

पंजाबचं दुकान तिथून दुसऱ्या गल्लीत आहे.

वेळ होता म्हणून त्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. केळीचे घड टांगलेले दिसले. त्यांच्या मागं कुणी बसलेलं होतं, पाय स्टुलावर लांब करून. एक बाई केळी घेत होती, ती हलली असती तर तोंड दिसलं असतं. ती हलली नाही. निळं प्लास्टिक माझ्या पिशवीतच होतं, सहज आणलं होतं. एस.टी. चुकेल म्हणून परत फिरलो. स्टँडवर येऊन दीड तास बसलो.

२१ सप्टेंबर, रविवार

पत्र्याला अस्तर दिलं, खड्ड्यात लांबी (पुट्टी) भरली, घासलं, आणि आज रंगाचे दोन हात फवाऱ्यानं मारले. कंपनीचाच राखी-हिरवट. गीतांजलीनं मोबाईलवर जुने फोटो शोधून तंतोतंत तोच रंग मिळवून आणला. पत्रा उन्हात ठेवलाय. लांबून पाहिलं तर शोरूममधून आल्यासारखा दिसतो. मधोमध खणाचं भगदाड.

गीतांजली म्हणाली, "बाबा, तिथं काळा रेक्झिन लावू. कुणाला कळणार नाही."

मनकर्णा धान्य निवडत होती, वर न पाहता म्हणाली, "यायले कळन."

मग थोड्या वेळानं म्हणाली, "पंजाब भाऊजीचा गुडघा बदलला. एप्रिलमधी. आता काठी घेऊन फिरतात."

"कोणता गुडघा?"

"उजवा."

तोच. झाकणाचा. मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?" ती म्हणाली, "हवा सांगते," आणि सूप जोरात पाखडायला लागली. आज पितृपक्ष संपतो, हेही तिनं न विचारता सांगितलं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

जाऊन आलो. जसं झालं तसं लिहितो.

बाराच्या सुमारास पोचलो. गल्लीच्या तोंडाशी थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा स्टँडवर जाऊन बसलो असतो. पंजाब घडातून पिकलेल्या फण्या वेगळ्या करत होता. केस सगळे पांढरे. मला पाहून त्यानं सुरी खाली ठेवली नाही.

"किती पायजे?" म्हणाला.

"काय?"

"केळं. दुकानात आला ना?"

मी निळं प्लास्टिक काढून त्याच्या पुढ्यात केळ्यांवर ठेवलं. त्यानं हात पुसले, चष्मा लावला, आणि बिल्टी वरून खालपर्यंत वाचली. ड्रायव्हरच्या नावाच्या जागी माझं नाव, दुसऱ्या माणसाच्या जागी त्याचं. उंदरानं खाल्लेल्या कोपऱ्यावरून त्यानं बोट फिरवलं.

"कुठं सापडलं?"

"डॅशबोर्डच्या मागं. मी टेपसाठी भोक पाडलं व्हतं, त्याच्यातून पडलं."

त्यानं मान हलवली. गिऱ्हाईक आलं, त्याला अर्धा डझन केळी दिली. माझ्याकडे पाहिलं नाही.

एस.टी.मध्ये मी बरंच काही जुळवून ठेवलं होतं. ते सगळं बाजूला राहिलं. शेवटी म्हणालो, "झाकन लागेल व्हतं, पंजाब."

"मले मालूम हाय."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"सांगतलं व्हतं. मंडीत. सांगतलं का नाही?"

"सांगतलं व्हतं."

"मंग? रोज येऊन सांगू काय तुले अमरावतीले, अखबार टाकल्यावानी?"

मी म्हटलं, "चुकलं माह्यं." एवढंच आलं. त्या पन्नास माणसांसमोर म्हणायला पाहिजे होतं, पण त्यातले आता पाच-सातच उरले असतील. इथं ऐकायला केळी होती आणि पडद्याआड शालू, पंजाबची बायको. ती चहा घेऊन इतक्या लगेच बाहेर आली की चहा आधीच उकळत असणार. तिनं मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "बाई कशा हायेत? कालपासून त्यायची कंबर दुखून राह्यली म्हने ना?" मला माझ्या बायकोच्या कमरेचं ठाऊक नव्हतं.

चहा झाला. पंजाब म्हणाला, "राखी-हिरवट मारला म्हने रंग?"

"हो. तुले—"

"आन् झाकनाची जागा उघडी हाय म्हने."

"हो."

"शालू, आन वो ते."

शालूनं देवघरातून झाकण आणलं. मी हातात घेतलं आणि हात खाली गेला. पाटीएवढं झाकण, पण जड. कडा बोटभर जाड झालेल्या. वरचा रंग पिवळाधमक, त्यावर कुंकवाची पाच बोटं.

"दर दसऱ्याले एक हात," पंजाब म्हणाला. "खरवडाचं नाही, आई म्हने ना. तेरा आपले आन् एकोनतीस माह्ये."

आमचे तेरा तिथं खाली तसेच होते. भगवा, निळा, पोपटी, लाल, चॉकलेटी. मी धुतलेले सगळे.

"नत्थुजीले नमुना म्हनून दाखवतो आन् परत करतो," म्हणालो.

"दाखवाचं नाही आन् न्याचंबी नाही. हे माह्या वाटनीचं हाय." त्यानं झाकण माझ्या हातातून घेतलं. मला वाटलं, संपलं. मग तो म्हणाला, "दसऱ्याले मीच घेऊन येतो. तू बसवशीन तं उलटं बसवशीन."

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

पंजाब आणि शालू नऊच्या एस.टी.नं आले. शालू आणि मनकर्णा एकमेकींना पाहून अजिबात दचकल्या नाहीत. एकोणतीस वर्षांनी भेटणाऱ्या बायका निदान रडतात. या दोघी सरळ पुरणाच्या गुळाबद्दल बोलायला लागल्या, जणू बोलणं काल अर्धवट राहिलं होतं. बायकांचं काही कळत नाही.

डॅशबोर्ड मी कालच जागेवर चढवला होता. बोल्ट ८, वॉशर ८, वाकडासुद्धा सरळ करून लावला. चिंध्या पाहून वायरी जोडल्या. हॉर्न पहिल्या दाबाला वाजला.

झाकण बसेना. बेचाळीस रंगांनी ते फुगलं होतं. गीतांजली म्हणाली, "काका, मशीननं पाच मिनिटांत साफ करून देते, मग दोन्हीला एकच रंग मारू."

पंजाब आणि मी एकदमच म्हणालो, "नाही."

पॉलिश पेपर घेऊन दोघं शेडाबाहेर पायरीवर बसलो. त्यानं वरची आणि उजवी कड घासली, मी खालची आणि डावी. फक्त कडा. घासता घासता कडेवर रेघा उमटायला लागल्या, कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या. पिवळी, पांढरी, जांभळी, पुन्हा पिवळी. या त्याच्या एकट्याच्या. मी एकेकीवर बोट ठेवून विचारत होतो आणि तो सांगत होता: हा पोरीच्या लग्नाचा, हा पुराचा, या वर्षी रंग मिळालाच नाही तर खिडकीचाच उरलेला मारला. खाली खाली आलो तसा मी सांगायला लागलो. चॉकलेटीपाशी आलो तर म्हणाला, "हा राहू दे. हा मले मालूम हाय."

चार स्क्रू त्यानं आगपेटीत आणले होते, तेल लावून. ते त्यानंच पिळले. मी टॉर्च धरला. चकचकीत राखी-हिरवट डॅशबोर्डात ते पिवळं झाकण म्हणजे धुतल्या सदऱ्याला लावलेलं ठिगळच. गीतांजलीनं फोटो काढला, रेक्झिनचं नाव काढलं नाही. शहाणी आहे. मग पंजाबनं पिशवीतून ब्रश आणि छोटा डबा काढला. यंदाचा रंग संत्र्याचा. तो म्हणाला, "मार." मी एक हात मारला, झाकणापासून सुरुवात करून तसाच पुढं, नव्या रंगावरून, चाकापर्यंत. गीतांजलीच्या तोंडून "बाबा!" निघालं. मनकर्णानं तिचा हात धरला.

रंग हाताला लागेनासा झाला तेव्हा पूजा केली आणि दोघं निघालो. मी चाकावर, तो बाजूला, काठी पायाशी. दुकान तीन किलोमीटर. पहिल्याच खड्ड्यात झाकण वाजलं. खड्, खड्, खड्. तोच आवाज. मी रस्त्याकडे पाहत राहिलो. दुसऱ्या खड्ड्यात आवाज आला नाही.

पाहिलं तर पंजाबनं उजवा गुडघा टेकवला होता.

"आपरेशनचा हाय ना तो? काढ."

"राहू दे. हा बी लोखंडाचाच हाय आता."

दुकान आलं. गीतांजली स्कूटीनं आमच्या आधी पोचून हात करत होती. मी वेग कमी केला नाही. बडनेऱ्याचा पूल मागं पडला तेव्हा पंजाबनं आपल्या बाजूच्या खिडकीची काच वर केली.

लावलं: खणाचे स्क्रू ४.